खिडकीच्या बैलाचा डॉक्टर

गाईच्या तोंडातला रवंथाचा घास बोटांनी ओढून काढायचा आणि आपल्या जिभेच्या टोकाला लावून बघायचा, असं करणारा माणूस मी लग्न होऊन आले त्याच वर्षी पाहिला. त्या दिवशी मला भाकरी गेली नाही.

"आंबूस आहे," तो माणूस स्वतःशीच म्हणाला. "पण चांगला आंबूस. बिघडलेला नाही." मग खाकी अर्ध्या विजारीला हात पुसत त्यानं माझ्याकडं पाहिलं. "सूनबाई, चहा झाला का?"

हे आमचे भाडेकरू, जनावरांचे सरकारी डॉक्टर. आमची वस्ती बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्यालगत, कालव्याच्या अंगाला. माझ्या सासऱ्यांना सगळा गाव आबा म्हणायचा. आबांनी रस्त्याकडच्या दोन खोल्या दवाखान्याला दिल्या होत्या. पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या खोलीत डॉक्टर. मागच्या खोलीची खिडकी थेट आमच्या गोठ्यात उघडायची, म्हणून आबा आधीच ओशाळले होते. डॉक्टरांनी खिडकी उघडली, छातीभर श्वास घेतला आणि म्हणाले, "वा! मला अशीच जागा हवी होती."

बुटके, गोल चेहऱ्याचे, मानेवर केस वाढलेले. वय पंचेचाळिशीच्या आसपास. पुण्याकडची शुद्ध भाषा बोलायचे आणि सगळ्यांना अहोजाहो करायचे, बैलालासुद्धा. "अहो, जरा सरका." घरी आलं की माणसांची विचारपूस करायची पद्धत त्यांना ठाऊकच नव्हती. तडक गोठ्यात जायचे आणि जनावराच्या डाव्या भकाळीला, म्हणजे शेवटच्या बरगडीमागं जो खळगा असतो तिथं, कान लावून उभे राहायचे. एका हातात घड्याळ, डोळे मिटलेले. आत गडगड झाली की चेहरा खुलायचा.

"जातं फिरतंय," म्हणायचे. "जातं फिरतंय तोवर घाबरायचं कारण नाही."

माझे यजमान वालचंदनगरला नोकरीला होते, आठवड्यानं घरी यायचे. एका रविवारी ते पोट दुखतंय म्हणून पडून होते, तर डॉक्टरांनी सवयीनं त्यांच्याही डाव्या कुशीला कान लावला आणि निराश होऊन म्हणाले, "तुमच्यात काहीच नाही हो." सासूबाई आठवडाभर कुरकुरत होत्या. "माझ्या पोरात काय न्हाय म्हनं! ह्याच्या डोक्यात काय हाय ते बघा आदी."

बायकापोरं आहेत का, असं सासूबाईंनी एकदा विचारलं होतं. बशीतला चहा संपवून डॉक्टर म्हणाले, "होती." पुढं कुणी विचारलं नाही.

सूक्ष्मदर्शक त्यांचा स्वतःचा होता. गाव त्याला दुर्बीण म्हणायचं. एका सकाळी त्यांनी आमच्या गाईच्या तोंडातून रबरी नळी पोटापर्यंत घातली, हिरवट पाणी काढलं, त्याचा थेंब काचेवर ठेवला आणि आबांना बोलावलं. आबा एक डोळा मिटून वाकले आणि एकदम मागं सरकले.

"सायेब, ह्ये काय हाय? ह्ये तर जित्तं हाय!"

"जिवंतच आहेत. पोटभर आहेत."

"माज्या गाईच्या पोटात किडं पडल्यात?"

"सगळ्यांच्या गाईंच्या पोटात असतात, आबा. नसले तर गाय मरेल."

आबांनंतर मला बघायला मिळालं. आजही ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. चपलेच्या आकाराचे, काचेसारखे आरपार, अंगाला बारीक केस. गिरक्या घेत एकमेकांना धडकत होते. एकाच्या पोटात गवताचा हिरवा तुकडा स्पष्ट दिसत होता. माझ्या अंगावर काटा आला. रोज सकाळी मी ज्या गाईच्या पोटाला डोकं टेकून धार काढते, तिच्या आत हे चाललेलं आहे!

डॉक्टर आनंदानं बोलत सुटले. "गाय गवत खात नाही, आबा. गाय गवत चावते. खातात हे. आणि ह्यांच्यापेक्षाही बारीक जे आहेत, ते. गवतावर हे पोसतात, वाढतात आणि पुढच्या पोटात जाऊन मरतात. गाय पचवते ती ह्यांना."

आबा माळकरी. त्यांचा हात गळ्यातल्या माळेकडं गेला. "म्हंजी गाय जीव खाती?"

"कोट्यवधी. रोज."

"मग आमी दूध पितो त्ये..."

डॉक्टर नुसते हसले. आबा तिथंच खाली बसले. "माळ घातलेल्या मानसाला आसलं सांगू न्हाय, सायेब," एवढंच बोलले. त्यानंतर दोन-तीन दिवस आबांनी दूध-ताक शिवलं नाही. कोरी भाकरी आणि चटणी. शेवटी सासूबाईंनी दुधाचा चहा समोर आदळला आणि "गाईला पाप लागत न्हाय, तुमास्नी कुठनं लागतंय?" असं म्हणाल्या, तेव्हा डोळे घट्ट मिटून प्यायले.

आता बैलाचं सांगते. पलीकडच्या वस्तीवर दोन बैलांची झुंज लागली आणि एकाचं शिंग दुसऱ्याच्या डाव्या भकाळीत घुसलं. भोक थेट पोटापर्यंत. आतला चारा बाहेर सांडत होता. मालक म्हणाला, ह्याला आता काढून टाकायचा. डॉक्टर त्याच्या पाया पडायचे बाकी राहिले. तो मरणाच्या दारातला बैल त्यांनी मागून घेतला, गाडीत घालून दवाखान्याच्या अंगणात आणला आणि तिथंच त्याची जखम शिवली. पण शिवताना भोक बुजवलं नाही. पोटाची कड कातडीच्या कडेला टाचली आणि मधे तोंड मोकळं ठेवलं. सुताराकडून बाभळीचं बूच करून घेतलं, त्याला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं आणि भोकात बसवलं.

बैल जगला, नुसता जगला नाही तर अंगानं भरला. पण त्याच्या कुशीत कायमची खिडकी राहिली. डॉक्टर बूच काढायचे, बाही खांद्यापर्यंत सारायचे आणि कोपराच्या वरपर्यंत हात आत घालायचे. बैल रवंथ करत उभा. मूठभर चारा बाहेर काढून हुंगायचे, पिळायचे, थेंब काचेवर घ्यायचे आणि घाईनं बूच लावायचे. "हवा लागू द्यायची नाही. ह्यांना हवा म्हणजे विष."

पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा सासूबाईंच्या हातातली पाटी पडली. जिवंत जनावराच्या पोटात माणसाचा हात, आणि जनावर शांत! त्यांनी त्या बैलाला आमच्या गोठ्यात बांधू दिलं नाही. "नजर लागंल माज्या म्हशीला," म्हणाल्या. तो अंगणातल्या चिंचेखाली असायचा. डॉक्टर त्याला प्राध्यापक म्हणायचे. "पोट उघडं करून शिकवतात, असे प्राध्यापक मला कॉलेजात मिळाले नाहीत." गाव त्याला खिडकीचा बैल म्हणायचं आणि दुरून जायचं.

डॉक्टरांनी डोक्यात घेतलेला विषय मात्र वेगळाच होता. बुरशी.

आमच्याकडं कडब्याला बुरशी आली तर पेंढी जाळून टाकतात. पोराटोरालाही ठाऊक असतं की बुरसा चारा खाल्ला की जनावर आजारी पडतं. आणि हा जनावरांचाच डॉक्टर गावभर सांगत फिरायचा, की जनावराला बुरशी चारा! नीरेच्या पलीकडं एका कारखान्यात उसाच्या मळीपासून स्पिरिट काढत. मळी आंबवायला जी बुरशी लागते तिचा गाळ टाकीच्या तळाशी साचतो. डॉक्टर सायकलला कॅन बांधून तो गाळ घेऊन यायचे, फडक्यात बांधून निथळायचे आणि आमच्या पत्र्यावर थापून वाळवायचे. वाळून पापडासारखे तुकडे झाले की कुटून भुशात मिसळून प्राध्यापकाला घालायचे.

"भाकरीवर चढते ती बुरशी आडमुठी," ते मला समजावत. "ही शहाणी. तुम्ही दुधाला विरजण लावता ना? तसंच धरा."

"विरजनानं दूध नासत न्हाय, डॉक्टरसायेब, दही लागतं," सासूबाई आतून म्हणाल्या. "तुमच्या बुरशीनं काय लागतं?"

ह्या प्रश्नावर डॉक्टर इतके खूश झाले की चुलीपाशीच मांडी घालून बसले. बुरशी घालायच्या आधीचा आणि काही दिवस घातल्यानंतरचा, असे प्राध्यापकाच्या पोटातले दोन थेंब त्यांनी मला दाखवले होते. पहिल्या काचेवर ते जीव विरळ होते, रेंगाळत होते. दुसऱ्या काचेवर काच दिसत नव्हती इतकी दाटी, आणि काय ती लगबग! शिवाय नुसत्या कडब्यावर असूनही बैलाचं शेण मऊ आणि बारीक पडायला लागलं होतं. म्हणजे कडबा अंगी लागत होता.

"पण कशानं होतंय ते मला कळलेलं नाही," ते सासूबाईंना म्हणाले. "बुरशी ह्यांचं खाणं होते, की आत शिरलेली हवा खाऊन टाकते, की आणखी काही करते? पुण्याच्या साहेबांना विचारलं तर ते म्हणतात, तुम्ही आधी लसी टोचा."

"बरूबर बोलत्यात त्ये," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी म्हशीला बुरशी घालू दिली नाही ती नाहीच.

दारूबंदीचे दिवस होते. त्या गाळाचा वास असा, की रस्त्यानं जाणारा माणूस मान वळवून बघायचा. एका दुपारी फौजदार दोन शिपाई घेऊन अंगणात आले. आमच्या दारात पोलीस कधी आला नव्हता. आबांचा चेहरा पांढरा पडला. सासूबाईंनी चुलीतली लाकडं ओढून पाणी मारलं. पोलीस दारात असताना घरात अन्न शिजवायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. फौजदार वर पत्र्याकडं बोट दाखवून गरजले, "कुणाची भट्टी आहे ही?"

"माझी," डॉक्टर आनंदानं म्हणाले. "या ना, वर या. कुणी बघायलाच येत नाही." त्यांनी एक तुकडा उचलून कडाकडा चावला, दुसरा फौजदारांच्या हातात दिला. "खा, खा. चांगली बुरशी आहे."

फौजदारांनी बेसावधपणं तो तोंडात टाकला होता. बुरशी शब्द ऐकल्यावर त्यांनी तुळशीपाशी जाऊन जी थुंकायला सुरुवात केली, ती थांबेचना. त्यानंतर डॉक्टरांनी त्यांना बैलाच्या खिडकीत हात घालायचं आमंत्रण दिलं. फौजदार तसेच निघून गेले आणि परत आले नाहीत. आबांना मात्र आठवडाभर देवळात तोंड दाखवायची लाज वाटली.

एवढं सगळं खपलं. भाद्रपदातला पोळा मात्र खपला नाही.

पोळ्याला गावातले सगळे बैल धुऊन, शिंगं रंगवून, झुली घालून मारुतीपुढं आले होते. डॉक्टरांनी प्राध्यापकालाही कालव्यावर धुतलं, गोंडे बांधले, शिंगांना लाल हिंगूळ लावला, आणि उरलेला हिंगूळ कुशीतल्या बुचाला फासला. त्याला घेऊन ते मिरवत देवळापुढं आले. माणसं पटापट बाजूला झाली.

गावात तात्यांचा शब्द चालायचा. तात्या पुढं आले. "सायेब, भोक पडलेलं जनावर देवाच्या दारात आनत न्हाईत. मागं घ्या."

"हे भोक नाही, तात्या. ही कोठीची खिडकी आहे."

"त्यो बैल बाधलेला हाय. समदा गाव म्हंतोय. त्याच्या पोटात काय तरी हाय."

"आहेच! तेच तर मी सांगतोय. तुम्ही या, दाखवतो."

मी बायकांच्या घोळक्यात पायऱ्यांवर उभी होते. डॉक्टरांनी खिशातून पितळेची नळी काढली, पोटातला वायू सोडायला बुचाच्या मधे ठेवलेल्या छिद्रातली खुंटी उपसून तिथं ती बसवली, काडी ओढली आणि नळीच्या तोंडाशी धरली. भप्पकन आवाज झाला. बैलाच्या कुशीतून वीतभर निळा जाळ बाहेर आला.

मग एक बाई किंचाळली आणि सगळं फुटलं. शेजारचे बैल उधळले, झुली तुडवत माणसांत घुसले, तोरणं तुटली. तात्यांचा धाकटा भाऊ कासरा सोडायच्या आत ओढला गेला, दगडी पारावर आपटला आणि त्याचा हात खांद्यापासून लोंबायला लागला. धुळीत काही दिसत नव्हतं. धूळ बसली तेव्हा मधोमध डॉक्टर उभे होते, विझलेली काडी हातात. प्राध्यापक त्यांच्या शेजारी शांतपणे रवंथ करत होता.

"मला वाटलं, सगळ्यांना आवडेल," डॉक्टर म्हणाले. ते मला म्हणाले की बैलाला, मला कळलं नाही. पण त्यांचा चेहरा मी पाहिला. आमच्यापेक्षा जास्त हादरले होते ते.

त्या मोडलेल्या हाताला त्यांनीच फळ्या बांधल्या. तात्यांनी त्यांना अडवलं नाही, पण दुसऱ्या दिवशी पुण्याला माणूस पाठवला. महिन्याभरात बदली आली, खाली कोकणात. डॉक्टर ट्रंक आणि दुर्बीण घेऊन एस.टी.त बसले. प्राध्यापकाला घाट उतरवून नेणं शक्य नव्हतं. आबांच्या दोन्ही हातांत त्याचा कासरा देऊन ते एवढंच म्हणाले, "रोज कड धुवा. कोमट पाण्यानं." गाडी सुटेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

सासूबाई चिडल्या होत्या. "जाळ वकनारं जनावर माज्या दारात नको." पण आबा रोज सकाळी कोमट पाणी घेऊन चिंचेखाली जायचे. जुन्या हिशेबानं थोडी बुरशीही घालायचे, शिल्लक होती तोवर.

उन्हाळ्याच्या तोंडाला ती गोष्ट घडली. सणासाठी निवडून वाळत घातलेले गहू अंगणात होते. सासूबाईंच्या म्हशीनं दावं तोडलं आणि कुणाच्या ध्यानात यायच्या आत गव्हाचा ढीग फस्त केला. ही म्हैस सासूबाईंनी रेडकू असल्यापासून हातानं वाढवलेली. त्या तिच्याशी बोलायच्या, रुसायच्या, तिला सोडून माहेरीसुद्धा राहायच्या नाहीत. संध्याकाळी म्हशीनं मान टाकली. शेण पातळ, आंबट घाणीचं. डॉक्टरांनी कधीतरी सांगितलेलं आठवून आबांनी खायचा सोडा पाण्यात कालवून पाजला. सकाळी जुलाब थांबले, पण म्हैस उठेना. दवाखान्याला कुलूप होतं, नवे डॉक्टर अजून आलेच नव्हते. आबा पहिल्या गाडीनं इंदापूरला डॉक्टर आणायला गेले.

घरात आम्ही दोघीच. ऊन चढत गेलं. म्हशीच्या डोळ्यांना खळगे पडले, नाकपुडी कोरडी. मी तिच्या डाव्या कुशीला कान लावला. तिथं काहीच नव्हतं. रिकाम्या घराला कान लावावा तसं.

"आत्या," मी म्हणाले, "हिचं जातं थांबलंय. आतलं सगळं मेलंय."

सासूबाई म्हशीचं तोंड मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग चिंचेखाली पाहिलं. मी त्यांच्या मनातलं ओळखलं. कारण दुसऱ्याच्या पोटातलं चांगलं पाणी आजारी जनावराला पाजताना डॉक्टरांना आम्ही दोघींनी पाहिलं होतं. विरजण एका घरातून दुसऱ्या घरात नेतात तसं.

"मामंजी येईपर्यंत थांबू या," मी म्हणाले.

"तवर ही ऱ्हात न्हाय." त्यांचा आवाज फुटला. "घाल हात."

"आत्या!"

"घाल म्हंते ना! माजा हात लुळा पडलाय भ्यानं. तू घाल, माजे बाये."

मी हात धुतला. पदर खोचला, बांगड्या वर सारल्या. सासूबाईंनी प्राध्यापकाचा कासरा धरला, त्या बैलाला त्यांनी पहिल्यांदाच हात लावला होता. मी बूच धरून फिरवलं. ते निघालं तेव्हा आतून गरम वाफ तोंडावर आली. मी डोळे मिटले आणि हात घातला.

काय सांगू? मला वाटलं होतं घाण असेल, चिकट असेल. आत ऊब होती. बाळंतिणीच्या खोलीत असते तशी. ओलसर चाऱ्याचे थर माझ्या हाताभोवती होते, आणि मग ते पोट हललं. संथपणे आवळलं, माझा हात कोपरापर्यंत धरला आणि सोडून दिला. पुन्हा धरला. मी रडायला लागले होते, ते मला नंतर सासूबाईंनी सांगितलं.

मूठमूठ चारा काढून मी फडक्यातून कळशीत पिळला. हवा लागू नये म्हणून तोंड बांधलं, थंड होऊ नये म्हणून कळशी गोधडीत गुंडाळली आणि पळत गोठ्यात गेले. बांबूच्या नळकांड्यानं आम्ही ते पाणी म्हशीला पाजलं. थोडं थोडं, तिला ठसका लागू न देता. मग दोघी तिच्या शेजारी जमिनीवर बसून राहिलो.

आबा उन्हं कलल्यावर परतले, एकटेच. इंदापूरचे डॉक्टर दुसऱ्या गावाला गेले होते. आबा दारात आले तेव्हा सासूबाईंचा कान म्हशीच्या कुशीला होता आणि त्यांनी हाताच्या खुणेनं आबांना गप्प केलं.

"फिरतंय," त्या म्हणाल्या. "बारीक हाय, पर फिरतंय."

दुसऱ्या दिवशी म्हैस उठली. चौथ्या दिवशी तिनं रवंथ केला. सासूबाईंनी प्राध्यापकाला चिंचेखालून सोडून आणला आणि म्हशीच्या शेजारी बांधला.

पुढच्या पावसाळ्यानंतर, एका दुपारी, रस्त्यावर एस.टी. थांबली आणि डॉक्टर उतरले. मी त्यांना चालण्यावरून ओळखलंच नाही. वाळले होते, एक पाय ओढत होते. डाव्या हातात दुर्बिणीची पेटी होती, उजवा हात कोटाच्या खिशात. नेहमीप्रमाणे कुणाची विचारपूस न करता गोठ्याकडं गेले. प्राध्यापकाला बघून थांबले.

सासूबाईंनी त्यांना बसायला घोंगडी टाकली आणि म्हशीची सगळी हकीगत सांगितली. गव्हापासून रवंथापर्यंत. डॉक्टर मान खाली घालून ऐकत होते. मला वाटलं शाबासकी देतील. त्यांनी विचारलं, "हात साबणानं धुतला होता?"

"नाही. नुसत्या पाण्यानं."

"बरं केलंत. साबण लागला असता तर मेले असते सगळे." मग म्हणाले, "आत कसं वाटलं?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. आबांनी नाही, यजमानांनीही नाही. मी म्हणाले, "कुणीतरी हात धरल्यासारखं."

डॉक्टरांनी वर पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. "हो," ते म्हणाले. "हो. तसंच."

मग ते उठले आणि डाव्या हातानं त्यांनी आपला उजवा हात खिशातून बाहेर काढला. दुसऱ्याची वस्तू उचलावी तसा. तो हात नुसता लोंबत होता. बोटं वाळून आत वळली होती.

सासूबाईंच्या तोंडून "अगं आई!" निघालं.

"लकव्याचा झटका आला. नोकरी सुटली," डॉक्टर म्हणाले. "डाव्यानं जमत नाही, तोल जातो. सूनबाई, एक काम कराल? हा हात आत घालून द्याल? काही कळतं का, बघायचं आहे."

परक्या पुरुषाचा हात धरायचा, भर दुपारी, सासूबाईंसमोर. मी सासूबाईंकडं पाहिलं. पुढं जाऊन त्यांनी प्राध्यापकाचा कासरा धरला आणि त्याच्या मानेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

मी डॉक्टरांची बाही खांद्यापर्यंत सारली. बूच काढलं. तो थंडगार, निर्जीव हात मी दोन्ही हातांनी उचलला आणि हळूहळू आत नेला, मनगट, कोपर, कोपराच्या वरपर्यंत. माझा हातही त्याच्यासोबत आत होता. पोट आवळलं. माझ्या हाताला कळलं.

"कळतंय का?" मी विचारलं.

डॉक्टर डोळे मिटून उभे होते. पुन्हा एकदा पोट आवळलं, सुटलं.

"नाही," ते म्हणाले. आणि मी हात बाहेर घ्यायला लागले तेव्हा म्हणाले, "राहू द्या. अजून थोडा वेळ राहू द्या."